परातीतल्या पाकाने सगळ्या पेट्यांचं भागत नाही

मोहोळ: "मधमाश्यांना द्यायचा साखरेचा पाक परातीत ओता, पेट्यांपासून लांब ठेवा, सगळ्यांचं भागतं," हा सल्ला काल इथे वाचला आणि राहवलं नाही. बळकट वसाहत, म्हणजे एका पेटीतल्या सगळ्या माश्या, परात फस्त करते, दुबळी उपाशीच राहते. वर परक्या माश्या, गांधीलमाश्या, आणि एका पेटीतला रोग दुसरीत. मी बरणीच्या झाकणाला बारीक भोकं पाडते आणि बरणी पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटींवर उलटी ठेवते. आधी थोडं गळतं, मग थांबतं. माश्या ओढतील तेवढाच पाक खाली येतो.

रानफूल: सल्ला माझाच होता. शंभर पेट्यांना बरण्या लावून दाखवा, मग बोला! बरणी अर्धी झाली की उन्हाने आतली हवा फुगते आणि पाक ठिबकतो. माझ्या एका पेटीत तो दारापर्यंत ओघळला. दुपारी पाहतो तर दारात परक्या माश्यांशी मारामारी, दोन दिवसांत पोळी कुरतडलेली, राणीचा पत्ता नाही.

जुनी पेटी: परात की बरणी, हा वादच फिजूल आहे. मध किती ओरबाडलात ते सांगा ना! खाली दोन चौकटी मधाने भरलेल्या ठेवल्या असत्या तर पाकाची वेळ आली नसती.

मोहोळ: नव्याने पकडलेल्या वसाहतीकडे साठा कुठून येणार? माणसं उपाशी माश्या बघत बसतात आणि तत्त्वं सांगतात, याचा मला संताप येतो.

जुनी पेटी: नव्या वसाहतीचं मान्य. पण आपल्यासाठी मध साठवायचे वरचे कप्पे पेटीवर चढवलेले असताना पाक देणारे मी पाहिलेत. ती साखर थेट बाटलीत जाते. त्याला मध म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि त्यावर इथे कुणी चकार शब्द काढत नाही.

रानफूल: मी कप्पे उतरवल्याशिवाय थेंबही देत नाही. उगाच आरोप नकोत.

चौकट: चौकटीच्या जागी बसणारा फीडर, म्हणजे पाकाचं भांडं, वापरा, पण तरंगत्या काड्या टाकून. मी विसरलो होतो. सकाळी पाकावर बोटभर जाड मेलेल्या माश्यांचा थर.

मोहोळ: रानफूल, ठिबकण्याचं तुमचं खरं आहे. म्हणून संध्याकाळीच, सावलीत, बरणी काठोकाठ भरून आणि दार एक-दोन माश्यांपुरतं करून.

रानफूल: ठीक. दुबळ्या चार पेट्यांना उद्या बरणी लावतो. बाकीच्यांना परातच.