थारच्या मागच्या ड्रमजागी घरीच डिस्क बसवावी का?

दर्यापूरची पांदण
माझी जुनी थार (महिंद्राची जीप) आहे, पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम ब्रेक. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पावसाळ्यात पांदणीनं शेतात गेलं की काळी माती ड्रममध्ये शिरते आणि वाळली की लायनरच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या) मधात घट्ट बसते. नाल्यातून गाडी काढल्यावर मागचा ब्रेक बराच वेळ लागतच नाही, कारण आत गेलेलं पाणी लवकर निघत नाही. डिस्क उघडी असते, पाणी फिरताफिरता फेकलं जातं. माझं मत ठाम आहे: शेतात जाणाऱ्या गाडीला मागंही डिस्कच पाहिजे. कॅलिपरचं (डिस्कला पॅडनं आवळणाऱ्या भागाचं) ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्यायचं, बाकी काम घरी होते. विरोध असंल तं कारणासहित सांगा.

परतवाड्याचा मिस्त्री
भाऊ, माझा विरोध आहे. चिखलाचं तुम्ही सांगता ते खरं, पण ब्रेक हा चारही चाकांचा हिशेब असतो. ब्रेक मारला की वजन पुढं जाते, मागची चाकं हलकी होतात. मागं ताकद जास्त झाली तर तीच आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. घटांगच्या घाटात पावसात असं झालं तर सावरायला जागा नाही.

दुसरं, ड्रममधला एक शू (लायनर बसवलेला वाकडा भाग) चाकाच्या फिरण्यानं आपोआप आणखी दाबला जातो. डिस्कला तो फायदा नाही, म्हणून तिला पिस्टन मोठा लागते. शू ढकलणारा व्हील सिलेंडर लहान असला तरी कॅलिपरचा पिस्टन त्याच्याहून बराच मोठा लागतो. तेवढं तेल ढकलायला पेडलचा जुना मास्टर सिलेंडर कमी पडला की पेडल खोल जाते. मोठा टाकला की पेडल कडक होते. काही गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असते. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापतात.

आणि हँडब्रेकचं काय? तो मागच्या ड्रममधूनच चालतो.

यवतमाळचा जीपवाला
मिस्त्रीदादा, यातली एकही गोष्ट अशक्य नाही. हँडब्रेकची लिव्हर असलेले कॅलिपर मिळतात. मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावा आणि मोकळ्या वावरात हळू वेगात तपासा: पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत. ब्रेकच्या तेलातली एअर काढताना एवढंच बघा की कॅलिपरचा निपल (हवा सोडायचं तोंड) वरच्या बाजूला आहे. डावा-उजवा उलट बसला तर निपल खाली येतो, हवा वर अडकते आणि पेडल कधीच घट्ट होत नाही.

धारणीकर
डिस्कला चिखल लागत नाही, हे मला पटत नाही. रेतीमिश्रित चिखलात पॅड फार लवकर झिजतात, आणि डिस्क व तिच्या मागच्या पत्र्याच्या मधात खडा अडकला तर खोल चरा पडतो. 2020 मध्ये आलेल्या नव्या थारलाही कंपनीनं मागं ड्रमच दिला. पावसाळ्यानंतर ड्रम उघडून साफ करा, लायनर ॲडजस्ट करा. नाल्यातून निघाल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, लायनर सुकतात.

चंद्रपूरहून
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये हेच कलम कडक लावलं.

दर्यापूरची पांदण
माझ्या आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेलाच नाही, मग कलम 52 इथं कसं लागते? साफसफाईचं म्हणाल तर आमच्याकडे पावसाळाभर रोज तोच चिखल असतो, दर आठवड्याला ड्रम कोण उघडंल? हँडब्रेकचा मुद्दा मात्र मान्य. लिव्हरवाला कॅलिपर हाती येईपर्यंत ड्रमला हात लावणार नाही. पण डिस्क बसवणार.

चंद्रपूरहून
आरसीवर नसंल, पण अपघात झाल्यावर विम्याचा सर्व्हेअर आरसी पाहून थांबत नाही, गाडीखाली वाकून पाहते. घरी केलेलं ब्रॅकेट त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

परतवाड्याचा मिस्त्री
बसवायचीच असंल तर ब्रॅकेट जाड प्लेटचं करा आणि वेल्डिंगवर सोडू नका, एक्सल हाउसिंगच्या मूळ बोल्टांवरच घ्या. ब्रेक मारला की सगळा मार त्या ब्रॅकेटवर येते. आणि पहिली चाचणी चढावर हँडब्रेकची घ्या, भरलेल्या गाडीनं. लिव्हरवाल्या कॅलिपरची पकड ड्रमएवढी राहत नाही, हे मी पाहिलेलं आहे. गाडी जागची हलली, तर ड्रम परत चढवा.