कॅमेलियनला (रंग बदलणाऱ्या सरड्याला) जाळीचाच पिंजरा हवा, काचेची पेटी नको. पटतंय का?

रानपाखरू:
सरळ मुद्द्यावर येतो. कॅमेलियन आणायचं ठरलं की लोक आधी काचेची पेटी बघतात, कारण ती शोभून दिसते. पण हा प्राणी झाडावर, वाऱ्यात राहणारा. बंद काचेत वरून फवारणी, त्यात बल्बची उष्णता, मग गरम ओलसर हवा तशीच साचून राहते आणि श्वासाचं इन्फेक्शन व्हायला तेवढं पुरतं. व्हेल्ड किंवा पँथर ह्या जातींच्या मोठ्या नराला २ बाय २ फूट, उंची ४ फूट आणि चारी बाजूंनी जाळी, ह्याच्या खाली मी जाणार नाही. आणि पिंजरा जमिनीवर ठेवू नका हो, त्याची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर गेली की तो निवांत होतो, माणूस वरून वाकला की घाबरून अंग चपटं करून फांदीमागे सरकतो.

धुकेरी:
मापाबद्दल सहमत, बाकी अजिबात नाही. हवा कोंडते ती मासे ठेवायच्या टाकीत, कारण तिला फक्त वरून तोंड असतं. टेरेरियमला, म्हणजे अशा प्राण्यांसाठीच्या काचेच्या पेटीला, दाराखाली हवेची पट्टी असते आणि वर जाळी, बल्बने तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी ओढली जाते. उलट हिटर किंवा एसी चालणाऱ्या खोलीत जाळीच्या पिंजऱ्यात रात्रीची आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकवून दाखवा! फॉगरचं (धुकं सोडणाऱ्या यंत्राचं) धुकं सरळ खोलीत पसरतं, पिंजऱ्यात काही उरत नाही. पँथर मादागास्करच्या दमट किनाऱ्याकडचा आहे, त्याला असं रात्रभर सुकवायचं का?

रानपाखरू:
मग जाळीला तीन बाजूंनी पारदर्शक शीट लावा ना, दमट दिवसांत काढून टाका. काचेत ती सोय नाही. शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की दुसरा नर समोर आहे असं समजून तो फुगतो, रंग गडद करतो, आणि हे रोज होत राहिलं तर खाणंसुद्धा सोडतो.

धुकेरी:
तीन बाजू शीटने झाकल्यावर ती जवळजवळ टेरेरियमच झाली, म्हणजे मी म्हणते तेच. प्रतिबिंबासाठी मागची आणि बाजूच्या काचा कॉर्कने झाकायच्या, आत फायकस, मनी प्लांट, जास्वंद दाट लावायचे. व्हेल्ड तर पानं खातोही, त्यामुळे झाडं खरी आणि बिनविषारीच हवीत. पाणीही तो वाटीतलं सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो.

पानथेंब:
दोघंही भिंतींवरच अडकलात, छताकडे कोणी बघत नाहीये. काच युव्हीबी (हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) अडवते, त्यामुळे युव्हीबीची ट्यूब काचेवर ठेवली तर ती नसल्यासारखीच, वर जाळी पाहिजेच, आणि जाळीही थोडं अडवते हे धरून चालायचं. लांब टी-५ एचओ (बारीक, जास्त ताकदीची) ट्यूब घ्या, पिळाचा छोटा बल्ब नको. अंतर फांदीपासून नाही, फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून मोजा, तिथे यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप) ३ च्या आसपास आला पाहिजे. ट्यूब पेटलेली दिसते म्हणजे युव्हीबी येतंय असं नाही, ते आधी उतरतं. कमी पडलं की हाडं मऊ होतात, पायांना बाक येतो, फांदीवरची पकड सुटते, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. बल्बखाली ऊब घ्यायच्या जागी व्हेल्ड नराला २९ ते ३२ अंश पुरे. बल्ब छताच्या जाळीला चिकटवू नका, कॅमेलियन जाळीला उलटा लटकतो आणि कलगी भाजून घेतो.

आणि मादी असेल तर वाळू-मातीचा ओलसर, फूटभर खोल डबा आतच ठेवा. नर नसला तरी व्हेल्ड मादी अंडी घालते. खणायला जागा नाही मिळाली तर अंडी पोटात अडकतात आणि जीव जातो.

रानपाखरू:
डब्याचं आणि ट्यूबचं शंभर टक्के मान्य. काचेचं अजूनही नाही, कारण दाराखालची पट्टी मातीने किंवा पानांनी बुजली की तुमचं सगळं वाऱ्याचं गणित संपलं, आणि ती बुजलीय हे बाहेरून दिसत नाही.

धुकेरी:
पट्टी दाराच्या अगदी खाली, समोरच असते, रोज पाणी देताना दिसतेच. फवारणीनंतर काच दोन-तीन तासांत सुकली नाही तर पट्टी साफ करायची आणि बाजूला छोटा पंखा लावायचा, मी तेच करते.