हॉटेलांचे पॉइंट: तालुक्याच्या गावच्या माणसानं कुठली साखळी धरावी?

वणीकर:
वणीच्या एका जिनिंगच्या कापसाच्या गाठी विकायचं काम माझ्याकडे आहे. दसऱ्यापासून मार्चपर्यंत कोइंबतूर, हैदराबाद, मुंबई, मधूनच दिल्ली असं फिरणं असतं. हॉटेलांच्या मेंबरशिपवर जे वाचायला मिळतं ते दर आठवड्याला विमानात बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. आपलं गणित वेगळं आहे. घाटंजी, आर्वी, वरुड इथं मुक्काम म्हणजे लॉज, आणि लॉजवर पॉइंट नाहीत. मोठी साखळी भेटते ती नागपूरला वर्धा रोडवर, ल मेरिडियन किंवा रॅडिसन ब्लू, आणि मग थेट बाहेरच्या शहरांत. म्हणजे वर्षातल्या थोड्याच रात्री मोजल्या जाणार. त्या कुणाच्या पदरात टाकायच्या, एवढाच प्रश्न.

माझं मत असं की मेंबरशिपच्या सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या पायऱ्यांच्या (जितक्या जास्त रात्री, तितकी वरची पायरी) मागे लागूच नये. ज्या पॉइंटचा भाव ठरलेला आहे तोच जमवावा. अकोर (म्हणजे नोवोटेल, आयबिस ही मंडळी) 2000 पॉइंटला 40 युरो बिलातून कमी करते. सीझन असो की नसो, भाव तोच. नोवोटेलला 10 युरो खर्चावर 25 पॉइंट मिळतात, म्हणजे 5 टक्के परत. आयबिसला त्याच्या निम्मे. मॅरियट बॉनव्हॉय (मॅरियट साखळीची मेंबरशिप) 1 डॉलरला 10 पॉइंट देतं, ऐकायला भरघोस वाटतं, पण 2022 पासून त्यांनी फुकट रात्रीचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. आज एका खोलीला जेवढे पॉइंट लागतात तेवढेच लग्नसराईत लागतील याची हमी नाही. एक हमीभाव आहे आणि दुसरा बाजारभाव, एवढं आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट कुणी लिहीत नाही. या सगळ्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपला कापसाचा हंगाम 1 जानेवारीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. निम्म्या रात्री एका वर्षात जातात, निम्म्या दुसऱ्यात. मॅरियटच्या गोल्डला 25 रात्री लागतात, प्लॅटिनमला 50. हंगामात कितीही फिरा, मोजणी 1 जानेवारीला पुन्हा शून्यावर येते.

फिरस्ता यवतमाळ:
भाऊ, हमीभावाचं ठीक आहे, पण केंद्र आपल्या गावात उघडलं तर उपयोग. तुमच्या वाटेवर अकोर आहे कुठे? हैदराबादला आहे, मुंबईत आहे, दिल्लीला एरोसिटीत आहे. उलट मॅरियटचं बघा. कोइंबतूरला त्यांचं ल मेरिडियन आहे, नागपुरातही ल मेरिडियन आहे, मुंबई-हैदराबादला तर मॅरियटची डझनभर नावं आहेत. नागपूरची एक रात्र, कोइंबतूरच्या दोन, परतीची एक, सगळ्या एकाच खात्यात जमा होतात. थोड्या रात्री असलेल्या माणसानं त्या एका जागी साठवायला हव्यात, हे तुमचंच म्हणणं ना?

आणि अकोरचे पॉइंट 365 दिवस काही हालचाल नसली तर जातात. बॉनव्हॉयला 24 महिने मिळतात. एखाद्या वर्षी बोंडअळीनं हंगाम बुडवला, प्रवासच झाला नाही, तर तुमचा हमीभाव कुणाकडून वसूल करणार?

मी बियाण्यांच्या कंपनीत आहे. आमच्या मीटिंगा हैदराबादला, डीलरांच्या सभा मार्च ते मे, सगळं एकाच कॅलेंडर वर्षात बसतं. त्यामुळे जानेवारीचा मुद्दा तुम्हाला लागू, मला नाही. शिवाय एका वर्षात मिळवलेली पायरी पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यापुढच्या फेब्रुवारीपर्यंत टिकते.

पायऱ्यांना तुम्ही उगाच हलकं लेखता. आपल्या भागाच्या माणसाला त्यांची गरज मुंबईकरापेक्षा जास्त आहे. मुंबईहून अमरावतीची गाडी रात्री आठच्या सुमारास सुटते, विदर्भ एक्स्प्रेसही संध्याकाळचीच. खोली सोडायची दुपारी बाराला. मधले सात-आठ तास कुठे काढायचे? लॉबीत सोफ्यावर बसलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. मांडीवर रुईच्या नमुन्यांच्या खाकी पुड्या, एक डोळा बॅगेवर, मोबाइलचा चार्जर खांबामागच्या प्लगला, आणि दर तासाला वॉचमन विचारतो, कोणत्या खोलीत आहात साहेब. प्लॅटिनमला चार वाजेपर्यंत खोली ठेवता येते, गोल्डला जागा असेल तर दोनपर्यंत. दुपारी जेवून, अंघोळ करून गाडीला निघणं ही चैन नव्हे. पुढे रात्रभर गाडी आणि सकाळी उतरून पुन्हा एसटी असते.

बाप्पा पुसदवाला:
राजेहो, तुमचं सारं वाचलं. मी ठिबकच्या कामानं दारव्हा, दिग्रस, उमरखेड, माहूर असा फिरतो. पुण्या-मुंबईले कधीमधी जा लागते. 6000 च्या खोलीवर 5 टक्के म्हंजे 300 रुपये वापस. टेसनाजवळ 2000 ची साफसुथरी खोली भेटते. 4000 वाचवाचे का 300 कमवाचे? हा हिशोब कोनी मांडूनच नाई रायलं इथं.

आन् रात्री मोजाच्याच असल तं लॉजच्या मोजा. दिग्रसच्या लॉजवाल्याले मी कोनतंच कार्ड दाखवत नाई. हिवाळ्यात पहाटे चारले त्याचा बंब पेटलेला रायते, कारन त्याले मालूम हाय का मले पयल्या एस्टीनं निंघा लागते. पैनगंगेले पूर असला तं सोताहून फोन करते का भाऊ, आज माहूरकडं जाऊ नका, पूल पान्याखाली हाय. पैसे राह्यले तं पुढच्या खेपेले. ज्याच्याघरी आपल्या जास्त रात्री जाते त्याच्याशी बांधून राहावं. वर्षातून कधी जाच्या ठिकानासाठी एवढं डोकं कायले लावता?

वणीकर:
बाप्पा, लॉजचं तुम्ही सांगता ते शंभर टक्के खरं. पण 2000 च्या खोलीचा हिशोब माझ्या धंद्यात चालत नाही. सूतगिरणीचा माणूस नमुना पाहायला हॉटेलवर येतो. लॉबीत नीट उजेड हवा, बसायला जागा हवी. तिथे रुई हातात घेऊन तो धाग्याची लांबी बोटांनी ओढून पाहतो आणि तिथेच भाव ठरतो. ती रात्र मला घ्यावीच लागते. घ्यावीच लागणार असेल तर तिच्यातून काय परत येतं ते पाहणं भाग आहे.

यवतमाळकरांना: प्लॅटिनमला 50 रात्री. त्या तुमच्या होत असतील, माझ्या होत नाहीत. आणि गोल्डचं दोन वाजेपर्यंतचं आश्वासन जागा असेल तरच. मुंबईत ऐन सीझनला जागा कधी असते?

हिशेबनीस, आर्वी:
दोघांच्याही हिशोबात एक गळती आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला, पण हॉटेलचं इनपुट क्रेडिट गेलं, म्हणजे हॉटेलला आपल्या खरेदीवरचा कर वळता करून घेता येत नाही. आधी 12 टक्के होता. 7500 च्या वर 18 टक्के. म्हणून फर्मच्या नावानं राहणाऱ्यानं फक्त खोलीचा दर पाहू नये, कर धरून हातून शेवटी किती गेले ते पाहावं. पॉइंट कराच्या रकमेवर सहसा मिळत नाहीत.

दुसरं, आणि हे फार लोकांना माहीतच नसतं. बुकिंग ॲपवरून किंवा एजंटकडून खोली घेतली तर या साखळ्या सहसा ना पॉइंट देतात ना रात्र मोजतात. त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, ॲपवरून किंवा फोनवरून घ्यावी लागते. आपल्याकडे कितीतरी जण मुलाला सांगतात, मोबाइलवर बघ रे स्वस्त कुठे आहे. मग पॉइंट का नाही आले म्हणून विचारतात.

आणि टाटांना तुम्ही दोघांनीही का सोडलं? ताज, विवांता, जिंजर या त्यांच्या हॉटेलांची मेंबरशिप 2022 पासून टाटा न्यू या त्यांच्या ॲपमध्ये आहे. तिथला पॉइंट म्हणजे न्यूकॉइन, आणि एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. युरोचा भाव नको, डॉलरचा नको. तो रुपया क्रोमा या त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चालतो, 1एमजीवर औषधांना चालतो. आर्वीत बसून ज्याच्या घरी बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला लागतात, त्याला कोइंबतूरच्या फुकट रात्रीपेक्षा हे जास्त कामाचं आहे. वणीकर, तुम्हाला ठरलेलाच भाव हवा असेल तर याहून ठरलेला कुठला?

फिरस्ता यवतमाळ:
एक रुपयाचा कॉइन एक रुपयाच राहतो, तिथेच माझा आक्षेप आहे. बाजारभाव हमीभावाच्या वरही जातो ना? सासऱ्यांच्या उपचारासाठी घरच्यांना मुंबईत राहावं लागलं तेव्हा बॉनव्हॉयच्या पॉइंटवर पाच रात्री घेतल्या. पॉइंटवर सलग पाच घेतल्या की चारचेच पॉइंट लागतात. त्या आठवड्यात रोखीचे दर चढलेले होते, त्या मानानं पॉइंट कमी लागले. खोली दुसऱ्याच्या नावानं घेता येते, मी तिथे नसलो तरी चालतं. वेळेला असं उभं राहणारं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

मोर्शीहून:
मी इथल्या शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक आहे. संत्र्याच्या विक्रीसाठी आणि बैठकांसाठी आम्ही दोघं-तिघं दिल्ली, मुंबईला जातो. वरची सगळी चर्चा वाचली, पण एका प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. पॉइंट कुणाचे?

बिल कंपनी भरते. पण साखळ्या पॉइंट देतात राहणाऱ्या माणसाला, त्याच्या वैयक्तिक खात्यात. आमच्या कंपनीचं भांडवल म्हणजे सभासदांनी शेअरपोटी भरलेले पैसे. त्या पैशातून मुक्काम झाला आणि त्याचे पॉइंट मी घरच्या सहलीला वापरले, तर वार्षिक सभेत एखादी बाई उठून विचारेल, आणि तिचं विचारणं बरोबरच असेल. माझ्या मते कुठली साखळी चांगली हे नंतर. पॉइंट पुढच्या कामाच्या मुक्कामालाच लागले पाहिजेत.

फिरस्ता यवतमाळ:
ताई, इथे मी सहमत नाही. घर सोडून रात्री काढतो तो माणूस. पोरांच्या परीक्षा, घरातली आजारपणं यातून तो बाहेर असतो. कंपनीला हे ठाऊक असतं आणि बहुतेक ठिकाणी ते चालवून घेतात. ते पॉइंट म्हणजे त्या रात्रींचा थोडासा मोबदला आहे.

मोर्शीहून:
दादा, तुमची कंपनी खाजगी आहे, तिला चालत असेल तर मला काही म्हणायचं नाही. मोबदलाच द्यायचा तर आम्ही तो प्रवासभत्ता म्हणून उघड देऊ, ठरावात लिहून. आपोआप एकाच्या मोबाइलमध्ये जमा होतं आणि बाकीच्यांना पत्ता नसतो, ते मला पटत नाही. गावात अशा गोष्टींवरूनच कंपन्या मोडतात.

बाप्पा पुसदवाला:
ताईचं बराबर हाय. गटाच्या पैशाचं गटालेच भेटलं पायजे.

वणीकर:
माझ्या जिनिंगच्या मालकांना मी हे विचारलेलं आहे, त्यांनी पॉइंट माझेच ठेवायला सांगितले. पण ते एकट्याच्या मालकीचं दुकान आहे. ताईंचा मुद्दा तिथे वेगळाच होतो.

हिशेबनीस, जिंजरचं मी मनावर घेतो. मुंबई विमानतळाजवळ त्यांचं मोठं हॉटेल 2023 मध्ये सुरू झालं आहे आणि गिरणीवाल्याला भेटायला ते पुरेसं आहे. कोइंबतूरला मात्र यवतमाळकरांचंच ऐकावं लागेल, तिथे माझ्या पसंतीचं काही नाही. म्हणजे दोन खाती होणार. मला ते चालेल, कारण पायरीची हाव धरायचीच नाही म्हटल्यावर रात्री वाटल्या गेल्या तरी नुकसान नाही.

फिरस्ता यवतमाळ:
नुकसान आहे. दोन्हीकडे अर्धवट राहाल. फेब्रुवारीत कोइंबतूरच्या फेऱ्या संपल्या की बॉनव्हॉयच्या खात्यात किती साठले ते इथे लिहा, मग बोलू.

मोर्शीहून:
आमच्या पुढच्या संचालक बैठकीत मी विषय मांडते आहे: बुकिंग साखळीच्या साइटवरूनच करायचं, कुणाच्या नावे किती पॉइंट आले ते प्रवासाच्या बिलाबरोबर वहीत लिहायचं, आणि पुढचा मुक्काम आधी त्यातून. हिशेबनीस, वहीत ती नोंद कुठल्या रकान्यात धरायची तेवढं सांगा, पॉइंट म्हणून लिहू की रुपयात?

हिशेबनीस, आर्वी:
पॉइंट म्हणूनच लिहा, ताई. वेगळं पान करा, रोकड वहीत मिसळू नका. वापरले त्या दिवशी बिल जितकं कमी झालं तेवढे रुपये समोर टाका.