अनुभव धागा : आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईकडे पाहताना

भाचीच्या लग्नासाठी मी जुने ब्लाउज सैल करून घ्यायला शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गेले होते. त्यांनी एक ब्लाउज उलटा केला, काखेखालची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "यातली माया तर मागच्याच खेपेला संपली." माया म्हणजे शिवणीत राखून ठेवलेले जास्तीचे कापड. माझ्या शेजारी माझी मावसबहीण उभी होती. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या आहोत आणि लहानपणी आम्हाला एकाच ताग्यातले फ्रॉक शिवले जात. तिचा पंधरा वर्षांपूर्वीचा ब्लाउज अजून बसतो हे ताईंनी कौतुकाने सांगितले. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, तरीही लग्नाच्या चारही दिवसांत मी एका छायाचित्रात पुढे उभी राहिले नाही.

पडद्यावरच्या नट्या मी आयुष्यभर पाहत आले, पण त्यांच्यामुळे मला स्वतःच्या शरीराची अशी लाज कधी वाटली नव्हती. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले होते की, स्वतःला जोखण्याचे पक्के माप हाताशी नसते तेव्हा माणूस इतरांशी ताडून पाहतो, आणि तेही शक्यतो आपल्यासारख्याच माणसांशी. माझी समजूत अशी झाली आहे की आपल्याला खोल जखम होते ती शेजारच्या बाकावरची मैत्रीण, चुलतबहीण, जाऊ किंवा एकाच वेळी बाळंत झालेली सहकारी यांच्याशी तुलना होते तेव्हा, कारण "तिला जमते, मग तुला का नाही?" या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसते.

ज्यांना शक्य असेल त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत. वजन घटवण्याचे उपाय आणि आहाराचे तक्ते कृपया लिहू नयेत. कोणाही व्यक्तीचे, शाळेचे वा कार्यालयाचे नावही घेऊ नये.

ठाणे, बँकेत नोकरी, वय ४३

महाविद्यालयात असताना आम्ही पाच जणी रोज एकत्र लोकलने परतत असू. दादर स्थानकावर रंगीत दिवे लुकलुकणारे वजनाचे यंत्र होते. नाणे टाकले की खटकन जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका बाजूला नटनटीचे चित्र असे आणि दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्याची एक ओळ. आम्ही भविष्य वाचण्यासाठी म्हणून जात असू, पण मोठ्याने वाचले जाई ते वजन. पाच तिकिटे तळहातावर क्रमाने लावली की माझे नेहमी शेवटी येई. कोणी मला हसत नसे, हे मुद्दाम सांगते. सर्वात हलकी असलेली मैत्रीण उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून "जाऊ दे गं" म्हणत असे आणि मला तेच सहन होत नसे.

मग मी यंत्रावर चढण्यापूर्वी पिशवी, घड्याळ आणि चपला काढू लागले. त्यानंतर डबा परत नेऊ लागले. आईला संशय येऊ नये म्हणून पोळीभाजी स्थानकाबाहेरच्या कुत्र्याला घालत असे. चार महिने पाळी आली नाही, तेव्हा आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तोवर पाच तिकिटांत माझे तिकीट तिसरे येऊ लागले होते, आणि खरे सांगायचे तर डॉक्टर अशक्तपणाबद्दल बोलत असताना माझ्या मनात दुसऱ्या क्रमांकाचा विचार चालला होता. त्या तिकिटांपैकी एक अजून माझ्या जुन्या पाकिटात आहे. त्यावर लिहिले आहे की मी स्वभावाने समाधानी आहे.

अमरावती, गृहिणी, वय ५१

वरच्या अनुभवातील सर्वात हलक्या मैत्रिणीच्या जागी मी होते, अर्थात दुसऱ्या गावात. माझ्या थोरल्या जाऊबाई अंगाने भरलेल्या आणि गोऱ्या, तर मी किडकिडीत. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहून "हिला घरात खायला देता की नाही?" असे सासूबाईंना विचारत असे. सासूबाईंना तो स्वतःचा अपमान वाटे आणि त्याचा राग माझ्या ताटात तुपाच्या रूपाने पडत असे. लग्नकार्यात मी साडीखाली दोन परकर नेसत आले. ऐन वैशाखात, विदर्भाच्या उन्हात दोन परकर नेसणे म्हणजे काय, हे इकडच्या बायकांना सांगायला नको. हे दुःख मी कोणाला बोलून दाखवू शकले नाही, कारण ज्या मैत्रिणीला सांगावे ती "नशीबवान आहेस" असे म्हणून विषय संपवत असे.

बीड, शिक्षिका, वय ३६

माझे थोडक्यात लिहिते. स्नेहसंमेलनातील नाचात मला आणि माझ्या सख्ख्या बहिणीला पदन्यास सारखाच उत्तम येत असे, परंतु ती पहिल्या रांगेत असे आणि मी तिसऱ्या, कारण ती उजळ आहे. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून २०२० साली 'फेअर' हा शब्द गेला, तेव्हा मला आनंद झाला होता, पण त्याच वर्षी आमच्या घरी आलेल्या स्थळाने फोनवर "दोघींपैकी गोरी ती कोणती?" असे विचारले. आज मी शाळेत नाच बसवते तेव्हा रांगा चिठ्ठ्या टाकून ठरवते.

कोल्हापूर, कुस्तीगीर मुलीची आई

माझी मुलगी १९ वर्षांची आहे आणि ६८ किलो गटात खेळते. महिलांच्या कुस्तीत ५० पासून ७६ किलोपर्यंत दहा वजनगट आहेत, त्यामुळे आमच्या घरात वजन हा लपवण्याचा विषय कधीच नव्हता. सकाळी तालमीत काट्यावर उभे राहायचे, आकडा वहीत लिहायचा आणि कामाला लागायचे. बरोबरीच्या मुलींशी तुलना तिथेही होते, पण ती कोणाची पकड घट्ट आहे आणि कोणाचा दम टिकतो याची असते.

मागच्या वर्षी माझ्या पुतणीच्या हळदीला चुलतबहिणी बिनबाह्यांचे ब्लाउज घालून बसल्या होत्या. कोणीतरी माझ्या मुलीचा दंड चिमटीत धरून "अगंबाई, हा तर पैलवानाचा दंड!" असे म्हणाले आणि सगळ्या हसल्या. तो पैलवानाचाच दंड होता. तिने दिवसभर अंगावरची ओढणी काढली नाही, आणि पुढच्या आठवड्यात वस्तादांना विचारले की ६२ च्या गटात उतरता येईल का. ताकद जाईल म्हणून वस्तादांनी साफ नकार दिला.

मला लिहायचे आहे ते माझ्याविषयी. त्या दिवशी मी त्या बाईला उत्तर दिले नाही, उलट मुलीला आत नेऊन म्हणाले, "पुढच्या लग्नाला आपण बाह्या लांब शिवून घेऊ." तिने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

नाशिक, मानसशास्त्राची प्राध्यापिका

धागा सुरू करणाऱ्या ताईंच्या म्हणण्याला एका अभ्यासाचा आधार देता येईल. फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली. तिथे भरलेल्या शरीराला मान होता. संशोधक ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढणाऱ्या मुलींचे प्रमाण शून्यावरून ११ टक्क्यांच्या वर गेलेले आढळले. त्यांचा २०११ सालचा अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या मुलींच्या मैत्रिणींचा या माध्यमांशी अधिक संबंध होता, त्या मुलींमध्ये खाण्याच्या विकृतीची लक्षणे अधिक दिसली, मग त्यांनी स्वतः ते कार्यक्रम पाहिलेले असोत वा नसोत. पडद्यावरची प्रतिमा मैत्रिणीच्या तोंडून ऐकू येते तेव्हा अधिक बाधते, असा मी त्याचा अर्थ घेते.

हे मी वर्गात शिकवते. त्यानंतर शिक्षककक्षात येऊन डबा उघडते आणि एखादी सहकारी "मी किती सुटले आहे" असे म्हणाली की "छे, तू कसली, माझ्याकडे बघ" असे उत्तर देते. तिला दिलासा देण्यासाठी मी स्वतःला तिच्या खाली ठेवते, तिसरी आम्हा दोघींच्या खाली जाते आणि डबे संपेपर्यंत खोलीतील प्रत्येकीने स्वतःच्या शरीराला नावे ठेवलेली असतात. हे मला कळते, पण ती वेळ आली की तोंडातून दुसरे वाक्य निघत नाही.

धागाकर्ती

प्राध्यापिकाबाईंनी लिहिलेले वाचल्यावर आठवले की ताईंच्या दुकानात मीही मावसबहिणीला "तुझे बरे आहे बाई" असे म्हणाले होते. तिला तीन वर्षांपासून थायरॉइडचा त्रास आहे आणि भूक लागत नाही. हे मला ठाऊक होते.

पुणे, निवृत्त परिचारिका, वय ६३

सात वर्षांपूर्वी कर्करोगामुळे माझा उजवा स्तन काढावा लागला. त्यानंतर भिशीच्या मैत्रिणींमध्ये बसले की माझी नजर प्रत्येकीच्या पदराकडे जात असे. त्या माझ्या चाळीस वर्षांच्या मैत्रिणी होत्या आणि त्यांना कशाचीच कल्पना नव्हती. मी भिशी सोडली आणि कारण गुडघेदुखीचे दिले.

पुढे तपासणीसाठी रुग्णालयात गेले असता बाकावर जुन्नरकडच्या एक मावशी शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या पदराकडे पाहिले. मी तो सवयीने ओढून घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी डावी बाजू गेली." मग मी त्यांच्याकडे नीट पाहिले. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. ही एकच तुलना अशी झाली की जिच्यातून मला काहीतरी मिळाले. त्यांनी इकडेतिकडे पाहून हळू आवाजात सांगितले की नुसता कापूस हलका पडतो आणि ब्लाउज वर सरकतो, म्हणून मऊ सुती कापडाची पिशवी शिवून तिच्यात कापसाबरोबर मूठभर राळे, म्हणजे ते बारीक दाण्यांचे धान्य, घालायचे. किती मूठ, असे मी विचारले. त्यांनी माझा हात उलटून तळवा पाहिला आणि म्हणाल्या, "तुमचा हात लहान आहे, दीड घाला."