बोअर पुनर्भरणाचा (पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवण्याचा) खड्डा गाळाने बुजतोय, मदत हवी आहे

काळ्या जमिनीतली बोअर. केसिंगभोवती (बोअरच्या पाइपाभोवती) 2×2×2 मीटरचा खड्डा, तळाकडच्या केसिंगला बारीक भोकं, त्यावर नायलॉन जाळी. भरण खालून वर दगड, खडी, जाड वाळू. आत ओढ्याचं पाणी वळवलंय.

हल्ली पाऊस तासाभरात धो धो कोसळतो. गढूळ पाण्याने वाळूवर चिकणमातीचा पापुद्रा धरतो आणि पाणी नुसतं तुंबतं. वरची वाळू खरवडली की पुन्हा मुरतं, पण पुढच्या सरीपर्यंतच. आधी गाळ बसवायची टाकी हवी हे उघड आहे. मात्र काळ्या मातीचा बारीक गाळ इतक्या लवकर बसत नाही. जाळी काढून पाणी थेट सोडा, हा सल्ला कृपया नको, खडकातल्या भेगा बुजतात.

दोन टप्प्यांची टाकी करावी की ओढा सोडून फक्त छपराचं पाणी घ्यावं? टाकीचं माप कसं काढता?