दत्तक पालकांनी आपला थकवा बोलायचा कुणापाशी?

घोडबंदर_आई

दत्तक घेऊ पाहणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "एकदा ऑर्डर हातात पडू दे, मग बघू." ऑर्डर म्हणजे दत्तक आदेश. पूर्वी तो कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आलेलं असतं, सोसायटीत पेढे वाटून झालेले असतात, तरी तो कागद येईपर्यंत आईबाप जीव मुठीत धरून असतात. कागद आल्यावरही ते बोलत नाहीतच. मूल आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी फॉलो-अप असतो. दत्तक संस्थेची सोशल वर्कर मुलाची तब्येत, शाळा, घरात रुळणं बघते आणि अहवाल लिहिते. तिच्यासमोर कोणती आई म्हणेल की मला हे झेपत नाहीये?

माझं म्हणणं असं आहे की, तपासणारं माणूस वेगळं आणि आधार देणारं माणूस वेगळं हवं. आणि आधार देणाऱ्याने ऐकलेलं तपासणाऱ्याच्या फाइलमध्ये जाता कामा नये.

झेपत नाही म्हणजे काय, तेही सांगते. मोठं मूल घेतलं की पहिले काही आठवडे फार गोड जातात. मूल शहाण्यासारखं वागतं, सांगाल ते खातं, रडत नाही. मग त्याला वाटू लागतं की हे घर टिकणार बहुतेक, आणि तेव्हा ते घर तपासायला घेतं. आमची लेक चार वर्षांची होऊन आली. कपाटामागे, उशीच्या अभ्र्यात, माझ्या ऑफिसच्या बॅगेच्या मागच्या खणात पोळीचे तुकडे सापडायचे. लिफ्टमध्ये भेटलेल्या कुठल्याही बाईचा हात धरून ती निघायची. बायका कौतुकाने म्हणायच्या, "किती माणसाळलेली आहे हो!" मला मात्र ठाऊक होतं की संस्थेत सारख्या बदलणाऱ्या मावश्यांमध्ये वाढलेल्या मुलाला 'आपलं माणूस' आणि 'कुणीही' यातला फरकच कळायला वेळ लागतो. तिच्या लेखी मी आणि लिफ्टमधली बाई सारख्याच होतो. हे रोज पोटात घेऊन हसतमुखाने स्वयंपाक करणं सोपं नसतं.

आणि माझ्या बाजूचंही सांगायला हवं. सही केली त्या दिवशी माया आली नाही. कणव होती, जबाबदारी होती, रात्री तिचं पांघरूण नीट करत होते. माया नंतर आली, हळूहळू. अनेक जणी वंध्यत्वाच्या उपचारांतून होरपळून इथवर येतात. जे मूल झालं नाही त्याचं दुःख आतच असतं, आणि नवं मूल दारात उभं असतं. त्यावर रजा तरी कुठे होती? मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवडे दिले होते, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. जन्मदात्यांनी मूल संस्थेकडे सोपवलं की विचार बदलायला त्यांना ६० दिवस असतात, ते असायलाच हवेत. मग मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं, मग रेफरल, म्हणजे 'हे मूल तुमच्यासाठी' असं पालकांना कळवणं. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कसं? मी तर कासारवडवलीहून लगेच ऑफिसला जायला लागले होते.

या विषयावर उलट मत असेल तर जरूर मांडा. मला तेही ऐकायचं आहे.

नौपाडा_आजोबा

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण मांडणी पटली नाही. आमच्या सूनबाई बाळंतपणानंतर चार महिने रडत होत्या. माया सहीने येत नाही तशी ती प्रसूतीनेही लगेच येतेच असं नाही. पोटच्या मुलांच्या आया थकतात, दत्तक मुलांच्याही थकतात. मग दत्तक आईसाठीच वेगळी यंत्रणा का? बोलायचं असेल तर आपल्या ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. समुपदेशकाकडे जाणं ही या गावात लाजेची गोष्ट राहिलेली नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तान्ह्या बाळासाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना, आजारी मुलांना मात्र कुणी विचारत नाही. एखादं जोडपं मोठ्या मुलाचा विचार करत असेल आणि त्यांनी पोळीच्या तुकड्यांचं हे वाचलं, तर ते मागे फिरतील. ते मूल मग अठराव्या वर्षापर्यंत बालगृहातच. तुमच्या मोकळेपणाची किंमत कोण मोजणार?

घोडबंदर_आई

काका, आधी माहिती नसताना मूल आणलं आणि मग घाबरून परत पाठवलं, तर त्या मुलाला दुसऱ्यांदा सोडलं जातं. ते बालगृहात राहण्यापेक्षा जास्त लागतं. माहिती असून जे येतील ते टिकतील.

आणि सूनबाईंचं म्हणता, तर त्या रडल्या तेव्हा 'बाळ परत घेऊन जातील का' ही भीती त्यांना नव्हती. फरक तिथेच आहे.

ऐरोलीची_मी

मी दत्तक मुलगी आहे. आता नोकरी करते, आईबाबांबरोबर राहते, आमचं उत्तम आहे. तरी मूळ लेखातलं काही वाचून मला त्रास झाला.

ते पोळीचे तुकडे तुमच्या मुलीचे आहेत, ताई. तुमचे नाहीत. ती सोळाची होईल, हे कुणीतरी तिला दाखवेल. माझ्या आईने माझ्या लहानपणी मन मोकळं करायला आत्याला, मावशीला, शेजारच्या काकूंना सांगितलं. तिला गरज होती हे मला आज कळतं. पण चुलत भावाच्या लग्नात, पंगतीत वाढताना, एक लांबच्या काकू मला म्हणाल्या, "लहानपणी रात्रीची उठून भिंतीवर डोकं आपटायचीस, आठवतंय का गं?" मला आठवत नव्हतं. माझ्याबद्दलची ती गोष्ट माझ्याआधी पूर्ण पंगतीला माहीत होती.

तुम्ही थकता, बोला. पण तुमचं दुःख तुमच्याबद्दल बोलून सांगता येतं. 'मला झोप येत नाही, मला भीती वाटते, मला राग येतो' एवढं पुरतं. मुलाने काय केलं ते बंद दाराआडच राहू द्या. आम्हाला आधीच आमच्या गोष्टीची पहिली पानं मिळालेली नसतात. मोठं झाल्यावर मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो, त्यातही सगळं हाती लागतंच असं नाही. जी पानं हातात आहेत ती तरी आम्हीच कुणाला दाखवायची ते ठरवू द्या.

घोडबंदर_आई

तुझं म्हणणं मनाला भिडलं. पण मग पुढच्या आईला कसं कळणार, की पोळीचे तुकडे सापडणं म्हणजे मूल 'बिघडलेलं' नाही आणि ती स्वतःही वाईट आई नाही? मला तेव्हा कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर मी तिच्या हातातून ती बॅग हिसकावली नसती. नावगाव न सांगता काही गोष्टी बाहेर आल्याच पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

ऐरोलीची_मी

बंद खोलीत, दहा आयांसमोर सांगा. इथे नको. मीही ठाम आहे.

नेरूळ_समाजकार्य

मी दत्तक संस्थेत बरीच वर्षं काम केलं, होम स्टडी (दत्तकाआधी घराची पाहणी) आणि फॉलो-अप दोन्ही. त्यामुळे हा धागा माझ्यावरच आहे असं समजून लिहिते.

तपासणारी आणि आधार देणारी वेगळी करा, हे ऐकायला बरं वाटतं. पण ज्या बाळाला मी संस्थेत ताप आलेला असताना मांडीवर घेऊन बसले, त्याच्या घरी मी जाते तेव्हा नुसती तपासायला जात नाही. ते मूल माझ्याकडे बघून हसलं की नाही, आईच्या आवाजात काय आहे, स्वयंपाकघरात कालची भांडी तशीच आहेत का, यावरून मला कळतं की घराला मदत हवी आहे. आधाराचं काम दुसऱ्याला दिलं आणि त्याने मला काही सांगायचंच नाही असं ठरवलं, तर घर मोडायला आलंय हे मला शेवटी कळेल. मूल माझ्या दारात परत येईल तेव्हा.

२०२२ च्या दत्तक नियमांत समुपदेशन सांगितलेलं आहे: दत्तकाआधी, प्रक्रियेत आणि नंतरही, कुटुंबाचं आणि मोठ्या मुलांचंही. म्हणजे नियमाची उणीव नाही. उणीव आहे माणसांची आणि वेळेची. एकीच्या हाती इतकी घरं असतात की फॉलो-अपला निवांत बसणं होत नाही. मी चहा नाकारून पुढच्या घरी पळते, आणि त्या आईला वाटतं की हिला कागदाचंच पडलंय. मोठ्या मुलांच्या घरी पहिल्या वर्षात सहा महिन्यांऐवजी दर महिन्याला कुणी गेलं, तर निम्मी भीती आपोआप जाईल.

आणि एक अगदी स्पष्ट सांगते. आई थकली, रडली, 'माया वाटत नाही' म्हणाली, म्हणून मी कुणाचं मूल उचलून आणलेलं नाही. मूल काढून घ्यावं लागतं ते त्याला धोका असतो तेव्हा.

खारघर_प्रतिपालक

सगळे दत्तकाबद्दल बोलताय. आम्ही प्रतिपालक, म्हणजे फोस्टर, मूल काही काळापुरतं सांभाळणारे. आमच्याकडे नऊ वर्षांचा मुलगा आहे, बाल कल्याण समितीच्या आदेशाने. आमचं दुखणं थोडं उलटं आहे. दत्तक आईला भीती वाटते की मूल जाईल. आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं की ते जायचंच आहे. त्याची आई आजारातून उठली, तिचं बस्तान बसलं, की तो परत. तसंच व्हायला हवं.

पण मन ऐकत नाही. महिन्यातून एकदा त्याची आणि आईची भेट असते. भेटीहून आला की रात्री जेवत नाही. मी विचारत नाही. त्याचे बूट सरळ करून ठेवतो आणि शेजारी बसतो. बायको आत जाऊन पाणी पिते. भेट चांगली झाली तर आम्हाला आनंद व्हायला हवा, आणि होतो, आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडतो. हे दोन्ही एकाच माणसात असतं, हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, "मग घेतलंतच कशाला?"

२०२४ च्या प्रतिपालकत्वाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एक बदल केला. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल तर प्रतिपालक पूर्वीच्या पाचऐवजी दोन वर्षांनी त्याला दत्तक घेऊ शकतात. पस्तीस ते साठ वयाच्या एकट्या माणसालाही आता प्रतिपालक होता येतं. चांगलं आहे. ज्या मुलाचं मागे कुणीच नाही त्याने पाच वर्षं अधांतरी का राहावं?

वाशी_वस्तीताई

दादा, तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण त्या दोन वर्षांच्या अटीबद्दल आहे. मी ज्या बायकांबरोबर काम करते त्यांची मुलं बालगृहात किंवा दुसऱ्यांच्या घरी आहेत. नवरा गेला किंवा सोडून गेला, घरकामं करतात, आजारी पडल्या की सगळंच कोसळतं. राज्याची बालसंगोपन योजना मुलामागे महिन्याला २२५० रुपये देते. घणसोलीत एका खोलीचं भाडंसुद्धा त्यात निघत नाही. अशा बाईला सावरायला दोन वर्षं पुरतात का? कागदावर मूल मोकळं झाल्याशिवाय दत्तक नाही, हे मला माहीत आहे. पण प्रतिपालकांच्या मनात 'दोन वर्षांनी आपलं' हे बसलं, तर आईच्या भेटीला मुलाला आणताना पाय जड होतातच. इथे दत्तक आईच्या मनाबद्दल एवढं बोलणं झालं, जन्मदात्या आईच्या मनाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. तिला तर फॉलो-अपलाही कुणी येत नाही.

खारघर_प्रतिपालक

ताई, पाय जड होतात हे खरं आहे. तरी आम्ही नेतो. त्याची आई बरी होऊन त्याला घेऊन गेली तर मी स्टेशनपर्यंत त्याची बॅग उचलेन. पण ती आलीच नाही, तर तो सतरा वर्षांचा होईपर्यंत 'पाहुणा' राहावा असं तुमचं म्हणणं असेल तर ते मला मान्य नाही.

वाशी_वस्तीताई

तसं नाही म्हणत. आधी आईवर दोन वर्षं खर्च करा, मग माझी हरकत नाही.

नौपाडा_आजोबा

वाचतोय सगळं. वेगळी यंत्रणा हवी हे मला अजूनही पटलेलं नाही. पण नेरूळच्या ताई म्हणतात की रडल्याने मूल कुणी नेत नाही, तर हे आईबापांना कुणी सांगितलंय का? घोडबंदरच्या ताईंना सांगितलं होतं?

घोडबंदर_आई

नाही. होम स्टडीत आमचं उत्पन्न, तब्येत, घरातल्या खोल्या, नातेवाइकांचं मत, सगळं विचारलं गेलं. हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

नेरूळच्या ताई, मग तुम्हालाच विचारते. समुपदेशकापाशी बोललेलं अहवालात जाणार नाही, अपवाद फक्त मुलाला धोका असेल तर, हे होम स्टडीच्या वेळीच लेखी द्यायला तुमची तयारी आहे का?

नेरूळ_समाजकार्य

धोक्याचा अपवाद ठळक अक्षरांत असेल तर हो. पण समुपदेशकाने मला किमान एवढं कळवायला हवं, की 'या घरी लवकर जा'. कारण नको सांगू दे. तेवढंही नसेल तर माझी सही नाही.

घोडबंदर_आई

'लवकर जा' एवढंच. याचा विचार करते. आईबापांना आधी विचारून कळवलं तर कदाचित चालेल.

ऐरोलीची_मी

त्याच कागदावर आईबापांकडूनही एक सही घ्या. मूल घरी येण्याआधीचं त्याचं आयुष्य आणि घरी आल्यावरचं वागणं ते नातेवाइकांत, शाळेच्या ग्रुपवर, कुठेही सांगणार नाहीत अशी. ती सही कोण द्यायला तयार आहे, ते इथे लिहा.