'सेल्फ-डायरेक्टेड सपोर्ट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या प्रौढांच्या सामाजिक सेवांवरचा, म्हणजे अपंग आणि वृद्धांना रोजच्या जगण्यात मिळणाऱ्या मदतीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'सेल्फ-डायरेक्टेड सपोर्ट' आणि 'पर्सनल बजेट' हे शब्द पानोपानी येतात. मी 'स्वयंनिर्देशित आधार' आणि 'वैयक्तिक अंदाजपत्रक' लिहिले, पण माझे मलाच कळेना. काही सुचते का?

प्रतिसाद १: अंदाजपत्रक नकोच. ते सरकारचे नाहीतर महापालिकेचे असते. इथे एका माणसाच्या गरजा पाहून त्याच्यापुरती ठरवलेली रक्कम आहे. 'व्यक्तिगत तरतूद' चालेल.

प्रतिसाद २: 'स्वयंनिर्देशित' वाचून क्षेपणास्त्र आठवले. हलके घ्या.

प्रतिसाद ३: खरी अडचण 'स्वयं'ची आहे. वाचणाऱ्याला वाटते, सगळे ज्याचे त्यानेच निस्तरायचे. स्कॉटलंडच्या २०१३ च्या कायद्यात मात्र चार पर्याय आहेत. रक्कम स्वतःच्या हातात घ्या. सेवा तुम्ही निवडा आणि पैसे कौन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) किंवा एखादी संस्था सांभाळेल. सगळेच कौन्सिलवर सोपवा. नाहीतर या तिन्हींची सरमिसळ करा. कौन्सिलवर सोपवणे हीसुद्धा त्या माणसाची निवडच धरली आहे. तेव्हा शब्दात निवड यायला हवी. 'मर्जीनुसार सेवा' कसे वाटते?

प्रतिसाद १: मर्जी सांभाळावी लागते ती वरच्याची! इथे नेमके उलटे हवे. 'स्वनिर्णयी साहाय्य' म्हणू या.

प्रतिसाद ४: मी इंग्लंडमध्ये भावाची तरतूद सांभाळते, म्हणून थोडे लांबण लावते. इथे २०१४ च्या केअर ॲक्टनुसार पात्र माणसाला पर्सनल बजेट ठरवून द्यावेच लागते. त्यातून 'डायरेक्ट पेमेंट' घेता येते, म्हणजे रक्कम थेट आपल्या हातात. हा मार्ग १९९६ च्या कायद्याने खुला केला, पण ६५ च्या पुढच्यांना तो २००० साली मिळाला. ऐकायला छान आहे. पण मदतनीस स्वतः नेमला की तुम्ही त्याचे मालक होता. पगारपत्रक, करकपात, भरपगारी रजा, विमा, पात्र असेल तर पेन्शन, सगळे तुमच्या गळ्यात. हिशेब ठेवणारी संस्था लावता येते, जबाबदारी तुमचीच राहते. सकाळी सातला निरोप येतो, "ताप आहे, येत नाही." भाऊ अंथरुणातच, आणि बदली माणसासाठी फोन फिरवते मी. एजन्सीचा ताशी दर तरतुदीत धरलेल्या दरापेक्षा जास्त, मग पदरचे घाला नाहीतर तास कमी करा. एकदा माणूसच मिळाला नाही म्हणून पैसे पडून राहिले, तर शिल्लक आहेत म्हणून कौन्सिलने परत मागितले. गरज तेवढीच होती, बरं का. त्यात एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला या पैशांतून सहसा मोबदलाही देता येत नाही.

तरीही जुनी पद्धत मला परत नको. आता भावाला कधी उठवायचे, अंघोळ कोण घालणार, हे तो सांगतो. म्हणून 'स्वनिर्णयी' मला पटते, फक्त लेखात त्याचे 'स्वावलंबी' होऊ देऊ नका. मदत घेऊनच तो त्याच्या मनासारखे जगतो. आणि तो शब्द लिहिला की तास कापणाऱ्यांना आयते निमित्त.

प्रश्नकर्ती: हे फार उपयोगी पडले. 'पर्सनल असिस्टंट'ला मी 'स्वीय सहायक' लिहिले होते.

प्रतिसाद २: अहो, तो मंत्र्यांचा! वर ताईंनी 'मदतनीस' लिहिलेच आहे की.

प्रतिसाद ३: 'केअर'लाही सगळीकडे 'काळजी' नको, मराठीत काळजी म्हणजे चिंताही होते. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतही अनेकांना 'केअर' खुपतो, त्यापेक्षा 'सपोर्ट' त्यांना जवळचा वाटतो. 'साहाय्य' त्या दृष्टीने बरोबर बसतो. आणि 'सर्व्हिस युजर'ला 'लाभार्थी' लिहू नका. लाभार्थी म्हटले की मिळेल ते घेऊन अंगठा उठवणारा माणूस समोर येतो. 'सेवा घेणारी व्यक्ती' लांब आहे, पण खरे आहे.

प्रश्नकर्ती: मग वाक्य असे करते: "स्वनिर्णयी साहाय्य घेणारी व्यक्ती आपल्या तरतुदीचा काही भाग थेट देयक म्हणून घेऊन मदतनीस नेमू शकते."

प्रतिसाद १: देयक म्हणजे बिल. 'थेट रक्कम' करा, बाकी वाक्य तसेच ठेवा.